भोकाशेजारचं रफू

रफूवाल्या काकांबद्दल इस्त्रीवाल्याला खरं तर फारच थोडं ठाऊक होतं. एका गाळ्यात दोघांनी एकोणीस वर्षं काढली, पण काकांची बायको कधी गेली, मुलगी कुठे असते, हे विचारायचं राहूनच गेलं. ठाऊक होता तो त्यांचा हात. त्यांनी भरलेलं भोक कापडाच्या मालकालाही शोधून सापडत नसे.

त्या वर्षी काकांना नागीण झाली. फोड सुकले, पण बरगडीतली आग काही जाईना. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावर गोळ्या दिल्या, मग वाढवून दिल्या. दुखणं निवलं.

आठवड्याभराने इस्त्रीवाल्याने एका कोटाच्या बाहीवर इस्त्री टेकवली आणि तशीच उचलली. रफू झकास होतं, धाग्याला धागा मिळालेला. पण भोक जिथल्या तिथे होतं. काकांनी शेजारचं धडधाकट कापड रफू केलं होतं.

एवढ्या मोठ्या कारागिराची चूक काढायची कशी, या विचारात त्याने अर्धा दिवस घालवला. शेवटी कोट काकांच्या मांडीवर ठेवला आणि भोकात बोट घालून दाखवलं.

काकांनी कोट डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाले, "दोन दिसतात रे. भोकंही दोन, सुयाही दोन. मी आपला त्यातलं एक धरतो."

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले. डोळे गेले तर माझ्याजवळ राहिलं काय?"

"म्हणजे मीही दोन दिसतो? त्यातला एक तरी कामाचा आहे का?"

काकांना हसू आलं नाही. इस्त्रीवाल्याने गाळ्याला कुलूप घातलं आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वाटेत काका सारखे म्हणत होते, आजच गोळ्या फेकून देतो. नेमकं तेच करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. हळूहळू कमी करू म्हणाले. डोळेही तपासून घ्यायला लावले. डोळे शाबूत होते. एकाचे दोन हा गोळ्यांचाच प्रताप निघाला.

गोळी उतरत गेली तसं भोक एक झालं. काकांनी तो कोट उसवून पुन्हा केला. आग मात्र थोडी परतली. ती त्यांनी पत्करली. दुपारी ती उठली की ते सुई ठेवून भिंतीला टेकत, आणि इस्त्रीवाला काही न विचारता पंख्याचं तोंड तिकडे वळवी.

दीड वर्षाने काका झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी हातातली शाल घडी करून ठेवली होती.

"ही उद्या धरतो. आता उजेड नाही."

"बरं. चष्मा इथेच ठेवताय की नेताय?"

"नेतो. घरी पेपर वाचायचाय."