काळविटाकडे पाठ करून

बदनापूर हे फार शांत स्टेशन आहे. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण तिकीट जालन्याचं असताना मी बदनापूरला उतरलो आणि तिथं तासभर बसलो.

त्याचं असं झालं. नाशिकहून निघताना जालन्याच्या वेळेचा गजर मी मोबाईलवर लावून ठेवला होता. गाडी उशिरा धावत होती, गजर मात्र वेळेवर वाजला. गाडी थांबलेली, बाहेर नुकतं फटफटू लागलेलं. मी सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, गदागदा हलवलं, दोन बॅगा खाली फेकल्या आणि बॅगांच्या मागोमाग आम्ही. पाटीवरचं नाव वाचून होईतो गाडीनं वेग घेतला होता.

"गाडीसुद्धा तुम्हाला बघून पळाली," सुलभा बॅगेवर बसत म्हणाली.

त्या 'सुद्धा'मागे इतिहास आहे. मी रानात गेलो की जनावरं निघून जातात. ताडोब्याला चार वेळा गेलो, चारही वेळा वाघ 'आत्ताच इथं होता'. मेळघाटात मला माकडही दिसलं नाही. ताडोब्याच्या पाचव्या खेपेला गुडघा धरला म्हणून मी घरी राहिलो आणि सुलभा बहिणींबरोबर गेली, तर वाघीण तीन पिल्लं घेऊन जिप्सीला आडवी आली. तेव्हापासून सासरवाडीत माझं नाव झालं. आता येत्या फेब्रुवारीत माझे मेहुणे अण्णा सगळ्यांना सिंह दाखवायला गीरला नेणार आहेत. माणसं सात, गाडीत जागा सहा. घरी कोणी राहायचं यावर मतदान झालं. माझ्या विरोधात सहा मतं पडली. त्यातलं एक सुलभाचं होतं.

पण बाई न्यायी आहे. "एक संधी देते," ती म्हणाली. "एक मोठं, मोकळं, रानातलं जनावर तुम्हाला नीट दिसलं पाहिजे. माझ्यादेखत. दिसलं तर अण्णाशी मी बोलते."

म्हणून ही जालन्याची सहल. सर्जेराव नावाचे एक शेतकरी स्वतःच्या गाडीतून एका वेळी एकाच कुटुंबाला फिरवतात, असं शेजाऱ्यांकडून कळलं होतं. सकाळी काळवीट, दुपारी अन्व्याचं प्राचीन मंदिर, संध्याकाळी परत स्टेशन. जनावरं माणसांना दाखवायचा त्यांना दहा वर्षांचा सराव. मला दाखवायचा नव्हता.

सर्जेराव जालन्याच्या स्टेशनावर वाट पाहून मग बदनापूरला आले. चाळिशीचा, काटक, मिशीत हसणारा माणूस. आले, बॅगा उचलल्या आणि एवढंच म्हणाले, "काका, जल्दी बसा. हरणं काही आपल्यासाठी थांबून न्हाई राह्यले."

मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. या सहलीसाठी मी खास पोशाख घेतला होता. हिरवी-तपकिरी पानं छापलेली पँट, तसलाच शर्ट, तसलीच टोपी. रानात मिसळून जायला.

"काका, ह्या रंगाचं झाड आमच्या तालुक्यात न्हाई," सर्जेराव म्हणाले.

राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडून हसनाबादच्या बाजूला निघालो तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. दोन्हीकडे काळी जमीन. कुठे फुटलेल्या बोंडांनी पांढरी झालेली कपाशी, कुठे वीतभर हरभरा, लांबवर तुरीचे पिवळे पट्टे. रस्त्यात एका ओट्यावर सर्जेरावांच्या ओळखीच्या बाईंनी तव्यावरून काढून धपाटे दिले, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. मी चार खाल्ले. सुलभा म्हणाली, उशीर होतोय. मी म्हणालो, शेवटचा. तो शेवटचा धरला तर पाच.

त्या पाचव्या धपाट्यानं घात केला असं तिचं मत आहे. माळाच्या टोकाला पोचलो तेव्हा कळप होता, पण उन्हाला कंटाळून पलीकडच्या उताराला लागलेला. लांबवर पंधरा-वीस तपकिरी ठिपके आणि त्यांच्यात एक काळा.

"दारं हळू लावा," सर्जेराव कुजबुजले.

मी दार हळूच लावलं. फक्त त्यात माझ्या दुर्बिणीचा पट्टा अडकला होता. तो सोडवायला दार उघडलं, पट्टा ओढला, दुर्बीण निसटली आणि पत्र्यावर अशी काही आदळली की देवळातली घंटा वाटावी. मी मान वर केली तेव्हा माळ मोकळा होता. धूळ मात्र छान दिसली.

"हे धरायचं का?" मी सुलभाला विचारलं.

"धूळ आपल्याकडे नाशिकलाही आहे."

सर्जेरावांनी आणखी तीन ठिकाणं दाखवली. एका ठिकाणी लेंड्या दिसल्या, ताज्या. दुसऱ्या ठिकाणी खुरांचे ठसे. तिसऱ्या ठिकाणी एक गुराखी भेटला. तो माझ्या कपड्यांकडे बघत म्हणाला, "आत्ता इथंच व्हते की." हे वाक्य मला पाठ आहे.

भोकरदन मागे टाकून उत्तरेला निघालो. अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर रेघ समोर दिसू लागली. अन्व्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गावकरी ज्याला नुसतं 'मढ' म्हणतात ते हे मंदिर. उंच दगडी जोतं, वर खांबांची दाटी, आणि बाहेरच्या भिंतीवर देवतांच्या मूर्ती. मी लगेच हात पुढे करून सुलभाला समजावू लागलो, "हे बघ, शंख, चक्र, म्हणजे हा विष्णू."

"काका, जरा नीट पाहा," सर्जेराव म्हणाले. "विष्णूचीच रूपं हायत, पण बाईच्या देहात. शंख, चक्र, गदा, पद्म, समदं बाईच्या हातात."

मी नीट पाहिलं. खरंच की. अंगावर दागिने, कमरेला नाजूक बाक, हातात विश्व चालवायची सगळी हत्यारं. सुलभा एकेका मूर्तीपुढे थांबत चालली. इतकी खूश मी तिला ताडोब्यानंतर पाहिली नव्हती. "आठशे वर्षांपूर्वी कळलं होतं इथल्या लोकांना," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी खांब बघू लागलो.

मंडपाचं छत मान वाकडी करून बघवेना, म्हणून मी सरळ फरशीवर उताणा झालो. दगड गार होता. वर कोरलेली वर्तुळं एकात एक फिरत होती. पहाटेपासून जागा, पोटात पाच धपाटे. छताचा दुसरा फेरा मला आठवतो, तिसरा आठवत नाही.

जाग आली ती कुणाच्या तरी बोलण्यानं. अंगावर सुलभाची भगवी शाल. उशाशी दोन केळी आणि एक राजगिऱ्याचा लाडू. समोर डोक्यावर पदर घेतलेल्या एक वृद्ध बाई हात जोडून बसलेल्या. जालन्याच्या व्यापारी घरातल्या, मूळच्या राजस्थानकडच्या, हे मला नंतर कळलं.

"महाराज," त्या अदबीनं म्हणाल्या, "नातवाचं लग्न कधी जमेल?"

डोक्यात गीर, डोळ्यांवर झोप. मी म्हणालो, "फेब्रुवारीत."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आणखी एक केळं ठेवलं आणि नमस्कार करून निघून गेल्या. खांबाआड सुलभा तोंडात पदर कोंबून हसत होती. शाल तिनंच टाकली होती, थंडी लागेल म्हणून, असं ती अजून सांगते.

सर्जेरावांच्या घरून डबा आला होता. बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ लावून केलेली झणझणीत आमटी). जेवताना मी हताश होऊन म्हणालो, "सर्जेराव, राहू द्या. माझ्या नशिबात नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा येसरात बुडवला, विचार केला. "काका, एक उपाय हाय. पण लाज सोडावी लागंन."

"अहो, तीच एक गोष्ट माझ्याकडे कमी आहे."

पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे त्यांच्या चुलतीचं, गयाबाईंचं, शेत होतं. अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात हरभरा. कपाशीत सहा-सात बाया कापूस वेचत होत्या. साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचे शर्ट, डोक्याला फडकी, कमरेला जुन्या लुगड्याच्या झोळ्या. सर्जेरावांनी सांगितलं, "रोज ह्या वक्ताला कळप हरभऱ्यात येतो. गाडीला पळतो, माणसाला पळतो. येचणाऱ्या बायांना मात्र पळत न्हाई. वाकलेलं माणूस आपल्या कामात हाय, हे त्याला बराबर कळतं."

गयाबाई सत्तरीच्या, उभ्या-आडव्या सुरकुत्यांच्या, आवाज खणखणीत. त्यांनी मला पाहिलं. "सर्जा, हे काय पानाफुलाचं आणलंस?"

"काकू, ह्यांना काळवीट पाह्यचंय."

"आमचा हरभरा खाऊन राह्यले अन् तुम्ही मौज पाहून राह्यले, व्हय?"

मी ओशाळलो. "मग हाकलत कामून नाही?" मी त्यांच्या भाषेत विचारून बघितलं.

"सकाळी हाकलतो, दुपारी येतेत. आता तेबी थकले, आम्हीबी." मग त्यांनी मुलाचा चौकड्यांचा शर्ट माझ्या अंगावर चढवला, डोक्याला दस्ती (मोठा रुमाल) गुंडाळली, कमरेला झोळी आवळली आणि कायदा सांगितला. "हरभऱ्याकडं पाठ करायची. मान वर न्हाई, हात थांबवायचा न्हाई. नुसतं उभं राहून पाह्यलं की समदं खलास."

"पण मग दिसणार कसं?"

"आधी येच तर खरं, दादा."

सुलभा आणि सर्जेराव बांधावरच्या कडुलिंबावर बांधलेल्या राखणीच्या माळ्यावर चढून बसले. मी सरीत वाकलो.

कापूस वेचणं सोपं दिसतं. बोंड फुटलेलं, कापूस बाहेर लोंबतोय, घ्या आणि टाका. पण बोंडाची टोकं वाळून सुयांसारखी झालेली असतात. पहिल्या पाच बोंडांत पाच बोटं गेली.

"काका, बोंडातलं येचा, पाला न्हाई!" एक बाई ओरडली.

"राहू दे गं, शेळ्यांसाठी येचून राह्यले ते," दुसरी म्हणाली आणि सगळी सरी हसली.

अर्धा तास गेला. कंबर आधी दुखली, मग पेटली, मग ती माझी राहिलीच नाही. जनावराचा विचारही मनातून गेला होता. शेजारी वेचणाऱ्या गयाबाईंच्या पुढे नाही गेलो तरी चालेल, मागे राहायचं नाही, एवढंच डोक्यात. आणि अचानक त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "आले. मान खाली. पायातून पाह्य."

मी वाकलेलाच होतो. दोन पायांच्या मधून मागे पाहिलं. हरभरा वर, आभाळ खाली, आणि वरच्या हरभऱ्याला खुरं टेकवून हरणांचा अख्खा कळप उलटा चरत होता. माद्या, पिल्लं, आणि मधोमध तो. पाठ शाईसारखी काळी, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं आणि पीळ घातलेली लांब शिंगं.

हात थांबला असता. गयाबाईंनी कोपर मारलं. "येच!"

मी वेचत राहिलो, दिसेल ते, काड्या, पानं, एक किडा. डोकं खाली रक्तानं भरलेलं, आणि मनात एकच धास्ती. उलटं दिसलेलं सुलभा धरणार नाही.

"मावशी, सरळ उभं राहू का?"

"बाया राह्यतात तसं राह्य. कमरेवर हात दे, सावकाश."

मी हात कमरेवर दिला आणि उठू लागलो. मधेच कुठेतरी मणका वाजला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "आई गंऽऽ!"

संपलं, असं वाटलं. पण ही हाक त्या कळपानं रोज ऐकलेली. एकाही मादीनं मान उचलली नाही. मी पूर्ण उभा राहिलो आणि हळूच वळलो. तीस पावलांवर तो. त्यानं चघळता चघळता तोंड वर केलं, माझ्याकडे बघितलं, चौकड्यांचा शर्ट, दस्ती, झोळी, सगळं बघितलं, आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं. आयुष्यात अनेकांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आहे. इतका मान कुणी दिला नव्हता.

किती वेळ बघितलं ठाऊक नाही. मग लांब रस्त्यावर एका मोटरसायकलनं भोंगा वाजवला आणि कळप उठला. धावला नाही, उडाला. एकामागून एक कमानी, कोकराएवढी पिल्लंसुद्धा हवेत, आणि सगळ्यांत शेवटी तो काळा, शिंगं पाठीवर टाकून. सरीतल्या बायाही हात थांबवून बघत होत्या. त्या रोज बघतात. तरी थांबल्या.

माळ्यावरून टाळ्या ऐकू आल्या. सुलभा उभी राहून वाजवत होती.

गयाबाईंनी माझी झोळी उघडली आणि आतल्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं. "दादा, हे जिनिंगच्या कारखान्याला धाडलं तर कारखाना बंद पडंन." मग त्यांनीच ओंजळभर स्वच्छ कापूस काढून सुलभाच्या हातात दिला. "घे बाई, वाती कर. नवऱ्याची पयली कमाई."

संध्याकाळी जालन्याच्या फलाटावर मी वाकून बसलो होतो, कारण सरळ होता येत नव्हतं. बोटं सुजली होती. पण मी जिंकलो होतो आणि तसं प्रत्येक हमालाला सांगत होतो. इतकी वर्षं मी रानात बघायला गेलो, डोळे फाडून, दुर्बीण रोखून, आणि जनावराला माझी तीच नजर नकोशी झाली असणार. त्या सरीत मी त्याचा नाद सोडला, तेव्हा ते आलं. यात माझी अक्कल नाही, गयाबाईंचं कोपर आहे.

सुलभानं अण्णांना फोन लावला, मलाही ऐकू येईल असा.

"अण्णा, ह्यांची जागा धर. दिसलं. तीस पावलांवर. मी साक्षीला आहे."

पलीकडून अण्णा म्हणाले, "अगं, पण गीरमध्ये हे आले आणि सिंह पळाला तर?"

"नाही पळणार. ह्यांना कामाला लावीन."

"जिप्सीत कसलं काम?"

सुलभानं क्षणभर माझ्या बोटांकडे पाहिलं. "मटार सोलतील," ती म्हणाली.

अण्णांनी सातजणांची गाडी ठरवली, मला जागा मिळाली आहे. मी मान खाली घालून सोलणार आहे. सिंहाला यायचं असेल तर येईल.