सावरीच्या गादीला काठी नको

नागभीडजवळच्या कमळाबाईंची गादी तेवीस वर्षांची आहे. बांधावरच्या काटेसावरीच्या शेंगा वेचून, त्यातला कापूस काढून त्यांनी ती स्वतः भरली. खोळ दोनदा बदलली, आतला कापूस तोच. दर पंधरवड्याला ऊन दाखवायचं, पुन्हा अंथरताना उशाची बाजू पायाकडे करायची आणि पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, एवढाच त्यांचा नेम.

दिवाळीनंतर जिवती गावाहून आलेल्या नव्या सुनेने, पुनमने, सासूला आराम म्हणून गादी बाजेवर टाकली आणि काठीने बदडायला घेतली. तिसऱ्या फटक्याला कमळाबाई हातातलं सूप टाकून धावल्या.

"थांब वो बाई! तिनं काय गुन्हा केला?"

"आमच्या जिवतीत गादी बदडल्याशिवाय फुगतच नाई, आई."

"तो तुमचा शेतातला कापूस. सावरीले मारलं का भुकटी होते. तिले फक्त ऊन पायजे."

पुनमचा चेहरा उतरला. कमळाबाईंनी गादी चाचपली. मधोमध खळगा पडला होता. त्यांनी काठी उचलून गोठ्यात ठेवली आणि दुपारी गादी उलटली. सूर्य कलेपर्यंत दोघींनी चारदा पाहिलं. शेवटी खळगा भरून आला. पुनमने गादीवर तळवा दाबला, तो अलगद वर आला.

"माह्या खोलीतही अशीच पायजे, आई."

"चैत्रात शेंगा फुटतीन, तवा जाऊ वेचाले," कमळाबाई हसल्या. "तोवर तुह्या खोलीतल्या फोमवर झोप. त्याले हवं तेवढं बदड."