चंदगडचा पत्ता

आमच्या ऑफिसात मला हाक मारायची एकच तऱ्हा आहे: "नेट चालत नाही." ताई नाही, बाई नाही, थेट तक्रार. कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या मुख्य ऑफिसात, मागच्या बाजूला, एक बारकी खोली आहे. तिथली यंत्रं तापू नयेत म्हणून एसी लावलाय आणि त्या एसीत भर उन्हाळ्यात शाल पांघरून मी बसते. नेट चालू असलं की मी कुणाला आठवत नाही. संध्याकाळी कळंब्याला घरी जायचं, कुलूप काढायचं, कुकर लावायचा. आई गेल्यापासून तो कुकर मला फार मोठा वाटतो, पण नवा घ्यायचं मन होत नाही.

काम अवघड नाही माझं. गावोगावच्या डेअऱ्यांत लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, त्याचं लिटर आणि फॅट तिथल्या कॉम्प्युटरवरून आमच्याकडं येतं, ते पोचलं की तिकडं दुधाची पावती निघते. मधे दारात फायरवॉल उभा. हा वॉचमन कुणाचं तोंड बघत नाही. बघतो फक्त इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे मधे टिंबं घातलेले चार आकडे. प्रत्येक गावाच्या नावानं मी आत एक पाटी करून ठेवलीय, तिला ॲड्रेस ऑब्जेक्ट म्हणतात. पाटीवरचा आकडा जुळला तर आत या, नाही जुळला तर चालू लागा.

जयसिंगपूरकडच्या पाट्या मी एकदा केल्या त्या केल्या, परत हात लावावा लागला नाही. चंदगडकडच्या एका डेअरीचं मात्र निराळंच. तिथं कायमचा पत्ता मिळत नव्हता. लाईट गेली की मोडेम बंद, लाईट आली की नवा पत्ता. आणि पावसाळ्यात तिकडं लाईट कधी जाते यापेक्षा कधी असते तेच विचारावं. मग तिथल्या सेक्रेटरींचा फोन यायचा.

"ताई, पत्ता बदलला बघा."

"अहो काका, सकाळीच तर घातला की नवा!"

"आता मी काय करू? लाईट गेलती."

मग ते आकडे वाचायचे. एकेक आकडा सावकाश, दोनदा, आणि प्रत्येक टिंब ओरडून, जसं काही टिंब राहिलं तर दूध नासेल. मी पाटीवरचा जुना आकडा खोडून नवा घालायचे. "आली, आली, पावती आली!" असं तिकडून ऐकू आलं की काम संपलं. पण ते फोन ठेवायचे नाहीत.

"जेवला न्हवं?"

सुरुवातीला मला वैताग यायचा. मेलं, मी जेवले काय नि नाही काय, यांना काय करायचंय! पण खरं सांगते, दिवसभरात हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. हळूहळू मी खरं उत्तर द्यायला लागले. आमटीभात म्हटलं की ते भडकायचे, "रोज आमटीभात? आजारी हाय काय तुम्ही?" त्यांची मंडळी नातवाला सांभाळायला गोव्याला मुलाकडं गेलेली. ते स्वतःच भाकऱ्या थापायचे आणि रोज सांगायचे की आजही मोडली. त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण मोडलेल्या भाकरीचा हिशेब मला पाठ होता.

यंदा संघानं तिकडं नवा राऊटर दिला. त्यात एक सोय होती. पत्ता बदलला की राऊटर स्वतःच कळवतो आणि आमचा फायरवॉल आकडा सोडून त्याला नावानं ओळखतो. पाटी एकदाच बदलायची, की फोनाफोनी कायमची बंद. मला कुणी घाई केली नव्हती. "करू निवांत," असं म्हणत मी ते काम बाजूला ठेवलं होतं. निवांत म्हणजे केव्हा, ते माझं मला ठाऊक होतं.

मग एकदा मी तापानं फणफणले. घरीच पडून, फोन पिशवीत मुका. डोळे उघडून बघते तर त्यांचे फोनवर फोन येऊन गेलेले. तिकडं लोक पावसात किटल्या घेऊन उभे, पावती निघत नाही, आणि सगळ्यांच्या शिव्या या एकट्या माणसाला. मी घाईनं फोन लावला आणि माफी मागायला लागले.

"ते जाऊ द्या ओ," ते म्हणाले. "ताप उतरला का?"

कामावर गेल्या गेल्या मी ती पाटी आकड्यावरून राऊटरच्या नावावर केली. "काका, आता लाईट कितीही जाऊ दे. मला फोन करायची गरज नाही."

"बरं झालं की," ते म्हणाले. आणि जेवणाचं न विचारताच फोन ठेवला.

सगळं झकास चाललं. आणि फोन गप्प झाला. स्क्रीनवर मला त्यांच्या गावाचा आकडा बदललेला दिसायचा. म्हणजे तिकडं पाऊस आहे, लाईट जाऊन आली, ते खुर्चीत बसलेत. एवढं सगळं कळायचं, आवाज तेवढा नाही. आपण करावा का फोन? करून सांगायचं काय? सगळं चालू असताना फोन करायची सवयच नव्हती मला. डबा उघडून मी त्या आकड्यांकडं बघत जेवायचे.

परवा दुपारी डब्याचं झाकण काढलं आणि फोन वाजला.

"ताई, पत्ता बदलला बघा."

आणि जळली माझी जीभ! "अहो काका, आता ते आपोआप होतंय. सांगितलं नव्हतं का मी?"

तिकडं पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"व्हय की," ते म्हणाले. "म्हाईत हाय मला." आणि फोन ठेवला.

माहीत होतं. माहीत असून केला होता. एवढी शिकलेली मी, आणि एवढं कळू नये? डोळे भरून आले, स्वतःचाच इतका राग आला की झाकण टेबलावर आपटलं. मग नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"हां, ताई?"

"पत्ता सांगा," मी म्हटलं. "लिहून घेते."

ते वाचायला लागले, सावकाश, एकेक आकडा दोनदा, टिंब ओरडून. तोच आकडा माझ्यासमोर स्क्रीनवर होता. तरी मी कागद ओढला आणि शेवटच्या आकड्यापर्यंत सगळा लिहून घेतला.

"लिहिला?"

"लिहिला. काका, आज भाकरी जमली का?"