तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

त्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणत. बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात चोवीस वर्षं गेली, गुडघेही गेले, पण नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की काका आधी हत्यारांच्या पिशवीला हात लावत नसत. बंद दारापाशी बसून आतल्या माणसाशी बोलत. ‘घाबरू नका’ असं ते चुकूनही म्हणत नसत. घाबरलेल्याला ते सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं. ते म्हणायचे, “वर जाळी आहे, हवा येतेय. खाली बसा, तळवे जमिनीला टेकवा. श्वास घ्यायची घाई नको, सोडताना मात्र अगदी सावकाश सोडा. आणि पायात काय घातलंय ते सांगा बघू मला.” आतला माणूस चपलेचा रंग सांगेपर्यंत निम्मा ताळ्यावर आलेला असे.

असा हा शहाणा माणूस स्वतःच्या घरात मात्र दगड निघाला.

लेक तेवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. एका दुपारी गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तिची छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, आपण आता मरतोय असं तिला वाटलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत होतं. हे भीतीचे झटके आहेत, म्हणाले. चहा-कॉफी कमी करा, रोज चाला, झोप सांभाळा, श्वास सावकाश सोडायची सवय लावा, आणि कमी झालं नाही तर परत या. लेकीने सगळं मुकाट्याने ऐकलं, आणि त्या दिवसापासून लिफ्ट सोडली. घर सहाव्या मजल्यावर. लिफ्टवाल्याची पोरगी जिना चढते म्हणून शेजारी हसले. ते काकांना लागलं. खरं सांगायचं तर लेकीच्या भीतीपेक्षा ते हसणंच जास्त लागलं.

“एकदा भीती मोडली की संपलं,” ते जोडीदाराला म्हणाले. जोडीदार म्हणजे त्यांच्याबरोबर काम करणारा दुसरा मिस्त्री. त्याला त्यांनी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसवलं. “आम्ही तिसरा मजला ओलांडला की मेन स्विच पाड. दहा मिनिटांच्या आत चालू केलास तर माझ्याशी गाठ आहे. घंटा वाजली तरी हलायचं नाही.”

“मी आहे ना बरोबर,” असं म्हणत काकांनी लेकीला लिफ्टमध्ये घेतलं. तिसऱ्याच्या वर धक्का बसला, पंखा थांबला. दोनच मिनिटांत काकांना कळलं की आपण काय करून बसलोय. ती दार ओरबाडत होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकांनी घंटा दाबली, पुन्हा दाबली, ओरडले. वर जोडीदार घड्याळाकडे बघत शब्दाला जागत होता. फोनला रेंज नव्हती. मग काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि परक्या माणसांशी ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात प्रथमच पोटच्या पोरीशी बोलले. तळवे टेक. सोड श्वास. सावकाश. चपलेला पट्टे किती, मोज. आठव्या मिनिटाला तिचा थरकाप कमी झाला. दहाव्याला पंखा फिरला.

बाहेर आल्यावर ती आईच्या गळ्यात पडून म्हणाली, “बाबा होते म्हणून वाचले.”

इथे बोलायचं होतं. काका मूग गिळून बसले.

पुढचे चार महिने ती रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून श्वासाचा सराव करी. चार आकडे घेताना, सहा सोडताना. संध्याकाळी दोघं चालायला जात. चहा सुटला. झटका आला तर ती त्याच्याशी झगडत नसे. येतो, चढतो, उतरतो, असं मनाशी म्हणत बसून राही. झटके येत, पण आठवड्यातून एखादा. काकू शेजारणींना सांगत, “ह्यांच्यामुळे पोरगी सावरली हो.” बायकोने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की एरवी काका फुलून यायचे. आता ते घाईने विषय बदलायचे. लेक प्रेमाने “बाबा” म्हणाली की त्यांना आपलीच लाज वाटे. सांगितलं तर तिचा विश्वास जाईल, आणि विश्वास गेला तर झटके परत येतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. त्यातली निम्मी भीती स्वतःसाठीच होती, हेही त्यांना ठाऊक होतं.

एका रविवारी दोघं फिरून आली आणि लेक लिफ्टपाशी थांबली. “आज जाऊया,” ती म्हणाली. “फक्त एक सांगा. त्या दिवशी बिघाड काय होता? तो नीट दुरुस्त झालाय ना?”

काकांना शंभर बिघाड तोंडपाठ होते. त्यातला एक सांगितला असता तर तिने मान डोलावली असती.

“बिघाड नव्हता,” ते म्हणाले. “मी थांबवायला लावली होती. तुझी भीती मोडेल म्हणून.”

“मी घंटा वाजत असताना मनात देवाचा धावा करत होते,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला माहीत होतं.”



तिने लिफ्टचं दार उघडलं. काका मागोमाग आत जायला निघाले, तर तिने हात आडवा धरला. “तुम्ही जिन्याने या.”

दार लागलं, पण लिफ्ट बराच वेळ जागची हलली नाही. काका त्या गुडघ्यांनी जिना चढायला लागले. प्रत्येक मजल्यावर थांबून ते दाराला कान लावत. तिसऱ्यावर मोटरची घरघर ऐकू आली, आणि तिच्यातून वर सरकत जाणारा लेकीचा आवाज. चार घेताना, सहा सोडताना.

ते सहाव्यावर पोचले तेव्हा ती घराच्या दारात उभी होती. चेहरा पांढरा पडला होता, ओठांवर घाम होता, पण पायांवर उभी होती. आतून काकूंनी विचारलं, “अगं, लिफ्टने आलीस? आणि बाबा कुठे राहिले?”

लेक बाजूला सरली. “आईला मी सांगणार नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “ते तुम्ही सांगा.”