ट्रॅक्टरचा खांदा

ट्रॅक्टरला खांदा कुठे असतो, हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. विचारलं की लोक हसतात. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी वाटीत लोणी-हळद कालवून, हातात पळसाचं पान धरून त्या लाल यंत्रासमोर एकदा उभं राहून बघा. मग कळेल प्रश्न किती अवघड आहे ते.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होते, म्हणजे वयानं पोक्त आणि अकलेनं नवी नवरी. आत्ताच्या मला ती बाई रस्त्यात भेटली असती तर मी लांबूनच वाट बदलली असती. तिला सगळं माहीत होतं. बैलांचं तर जरा जास्तच माहीत होतं, आणि ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचा बैल, असं तिनं तो अंगणात आला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी आमचा एक बैल म्हातारपणानं गेला आणि दुसरा जोडीदाराविना झुरायला लागला, म्हणून त्याला महागावकडे माझ्या भावाच्या गोठ्यात धाडला. त्यांच्या जागी आला हा बुटका ट्रॅक्टर. त्याच्या मागे रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांचं, ढेकळं फोडणारं जड अवजार. ते मागच्या दोन लोखंडी हातांना लटकतं आणि दांडी ओढली की जमिनीपासून वर उचललं जातं. पुढे नाकावर लोखंडाच्या जाड पाट्या अडकवलेल्या. त्या कशाला, हे माझा मुलगा सांगत होता. त्या बाईला ऐकायला वेळ नव्हता.

खरी पंचाईत पोळ्याची होती. आमच्या गावात मारुतीसमोरच्या मैदानात जोड्या रांगेनं तोरणाखालून जातात. पहिली पाटलाची, दुसरी आमची. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून दुसरी आमचीच. ज्याचं जनावर आलं नाही त्याची जागा मागचा घेतो, आणि एकदा घेतलेली जागा परत मिळत नाही. मागचे म्हणजे आमचे चुलत दीर. बैल गेल्यापासून ते आमच्याकडे जरा जास्तच ख्यालीखुशाली विचारायला येऊ लागले होते.

आमच्या ह्यांचं जेवण तुटलं. रिकाम्या गोठ्यात जाऊन बसत. एरवी हा माणूस वरणात मीठ नसलं तरी बोलायचा नाही. पण त्या दुसऱ्या जागेवर बापाच्या शेजारी कासरा धरून तो लहानाचा मोठा झाला होता. वडील गेल्यावर त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं, ते तेवढ्या दोन पावलांच्या जागेत उरलं होतं.

मी म्हटलं, ट्रॅक्टर उभा करू. हे पाटलांकडे गेले. पाटलांनी सुपारी कातरत बराच वेळ घेतला आणि निवाडा दिला, की ज्याच्यावर शेत वाहता तेच तुमचं जनावर, येऊ द्या. मात्र अवजारासकट यावं, नाहीतर पुढच्या साली कोणी मोटारसायकल घेऊन येईल. आणि नियम बैलाचाच. तोरणासमोर जनावर बसलं, मागे सरकलं किंवा ढकलावं लागलं, तर जागा गेली.

मग आली खांदशेकणी. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलाचा खांदा आदल्या संध्याकाळी लोणी-हळदीनं शेकतात आणि त्याला जेवणाचं आवतन देतात. ह्यांचं म्हणणं, इंजिन पुढे, तर खांदाही पुढेच असणार. मी म्हटलं, ओझं कुठं लटकते ते पाहा. ओझं मागे. म्हणून मी मागच्या दोन लोखंडी हातांना कोपरापासून मनगटापर्यंत घरचं लोणी चोळलं, पळसाच्या पानानं शेकलं आणि रोटावेटरच्या पात्यांकडे तोंड करून सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." शेजारच्या कुत्र्याला वाटलं आवतन त्यालाच आहे. त्यानं ताबडतोब घेतलं.

पोळ्याच्या दिवशी मी ट्रॅक्टर असा सजवला की कंपनीवाल्यानं ओळखला नसता. दिव्यांना बेगड लावली, कारण ते डोळे की शिंगं हे ठरत नव्हतं. धुराड्याला गोंडा बांधला. झूल म्हणून माझी हिरवी साडी. सगळं झालं आणि माझी नजर नाकावरच्या त्या लोखंडी पाट्यांवर गेली.

मुलाला म्हटलं, काढ ते.

"आई, मांगं रोटावेटर लटकून हाये," तो म्हणाला. "पुढचं वजन काढलं तं तोंड उचलते तो."

"अन् पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर कोनी जू ठेवते काय?"

त्यानं काही उत्तर दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. त्यानं बापाकडे पाहिलं. पण हे त्या दिवशी इतके धास्तावलेले, की विधीत काही चुकू नये म्हणून मी सायलेन्सरला चारा घालायला सांगितला असता तरी त्यांनी घातला असता. पाट्या निघाल्या. मी त्यांना कुंकू लावून गोठ्यात विसाव्याला ठेवलं. मागचं ओझं मात्र तसंच लटकत होतं. ते अवजार, ते पाटलांच्या हुकमानं. म्हणजे दयाबुद्धीनं मी जनावराचं डोकं हलकं केलं आणि शेपटीला हत्ती बांधला.

गावातून जाताना काही बिघडलं नाही. मुलगा एवढंच पुटपुटत होता, की स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं वाटून राह्यलं. मारुतीचं मैदान मात्र उंचवट्यावर आहे, आणि तोरण त्या चढाच्या माथ्यावर. पाटलाची जोडी डुलत डुलत खालून गेली. आमचा नंबर आला. डफड्यावाल्यांनी जोर धरला. मुलानं क्लच सोडला, आणि आमच्या बैलानं पुढचे दोन्ही पाय उचलून मारुतीला नमस्कार केला.

लोक मागे सरले. चाकं धप्पकन खाली आली. मुलानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नमस्कार. मुलानं ब्रेकवर उभं राहून सांगितलं, रोटावेटर जमिनीवर टेकवतो, म्हणजे तोंड खाली राहील. हे ओरडले, टेकवू नको, टेकवलं म्हणजे बसलं. ढकलणं मना, मागे सरकणं मना, बसणं मना. पाट्या गावाच्या दुसऱ्या टोकाला गोठ्यात कुंकू लावून आराम करताहेत. चुलत दीर आपल्या जोडीचे कासरे आवळून अर्धं पाऊल पुढे सरकले.

मी ओवाळणीचं ताट घेऊन बाजूला उभी होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, एकूण आकाराकडे. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हासुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"बस," ते म्हणाले.

"कुठं?"

"नाकावर."

नेसल्या लुगड्यानिशी, हातात ताट, मी ट्रॅक्टरच्या नाकाडावर चढले आणि तोरणाकडे तोंड करून बसले. चाकं जमिनीला लागली, पण मुलानं जरा क्लच सोडला की मी ताटासकट वर जायची. खाली धाकटी जाऊ उभी होती, त्याच चुलत दिरांची बायको. माझ्या पोटऱ्या उघड्या पडताहेत हे तिच्यानं पाहवेना. माझं लुगडं नीट करायला ती चढली आणि मी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. अंगानं ती माझ्या दीडपट. ट्रॅक्टर एकदम शहाणा झाला.

आता दीर पुढे आले. त्यांनी पाटलांना विचारलं, की पोळ्याच्या दिवशी मानेवर ओझं चालते काय? माझाच मुद्दा, शब्दसुद्धा जवळपास माझेच. हे खाली मान घालून तोरणाखालच्या त्या दोन पावलांच्या जागेकडे बघत राहिले.

पाटील काही बोलायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला.

"काहून वो," जाऊ नवऱ्याला म्हणाली, "कोनाले ओझं म्हनून राह्यले तुमी?"

डफडी थांबली होती. सगळ्या मैदानानं ऐकलं. दिरांनी जाऊकडे पाहिलं, मग घरी जाऊन रात्री जेवायचं आहे हे त्यांना आठवलं असावं. ते आपल्या बैलाच्या शिंगाचा गोंडा नीट करू लागले.

"ओझं नाई गा," पाटील म्हणाले. "साज हाये तो. हाका."

आणि आम्ही दोघी तोरणाखालून गेलो. आंब्याचे डहाळे तोंडावर घासले, कोणी बैल समजून की माणूस समजून कुणास ठाऊक, आमच्यावर ज्वारी उधळली. हे ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूनं चालत होते. त्यांच्या हातात कासरा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या लुगड्याचा पदर धरला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. पोळा फुटल्यावर जोड्या घरोघरी जातात तसे आम्हीही गेलो. पहिल्याच घरच्या म्हातारीला नीट दिसत नव्हतं. तिनं तांब्या घेऊन माझे आणि जावेचे पाय धुतले आणि आम्हाला पुरणपोळी भरवली. आम्ही मुकाट्यानं खाल्ली. बैलानं बोलायचं नसतं.

जागा राहिली, ती आजही आहे. मुलगा आता पोळ्याला पुढच्या पाट्या स्वतः तपासून घट्ट करतो, वर दोन जास्तीच्याही लावतो, आणि म्हणतो, आता नाकावर बसायचं कारणच नाही, पडली-झडली तर काय. पण पाटलांनी सांगून ठेवलंय, जनावर एकदा ज्या साजात मानलं त्याच साजात येईल. जाऊ साखरेच्या दुखण्यानं वाळून काडी झाली आहे, तिच्यानं आता काडेपेटीही दबणार नाही. तरी चढते. दीर तिला हात देऊन चढवतात.

राहिला खांद्याचा प्रश्न. दर साली आदल्या संध्याकाळी हे लोणी-हळदीची वाटी घेऊन ट्रॅक्टरमागे जातात, दोन्ही लोखंडी हात शेकतात. मग पुढे जाऊन नाकाडही शेकतात, उगाच वाद नको. वाटीत उरलेलं घेऊन चुलीपाशी येतात आणि माझ्या दुखऱ्या खांद्याला चोळतात. कोणी बघत नाही ना, ते पाहून हळूच म्हणतात, "आज आवतन घे, उद्या जेवायले ये."

"येतो नं," मी म्हणते. "पन रांधते कोन?"