आठ ठिपके

सातपूरला माझी गाडी ज्याच्याकडे असते, तो मेकॅनिक फार बोलत नाही. काही विचारलं तर आधी फडक्याला हात पुसतो, मग उत्तर देतो, तेही हातांकडेच बघत. बोल्ट आवळताना मात्र मोठ्याने मोजतो. शेजारचे गॅरेजवाले त्याला हसतात.

परवा माझ्या इंजिनातून टकटक यायला लागली म्हणून त्याने ते उघडलं, कनेक्टिंग रॉडची चारही बेअरिंग बदलली आणि जोडायला बसला. एका रॉडला दोन, असे आठ बोल्ट. पुरेसा आवळला गेला की पाना 'कट्' वाजतो. मग तो आकडा म्हणायचा आणि बोल्टवर पांढरा ठिपका द्यायचा. "सात" म्हणाला आणि त्याचा फोन वाजला. मी सहज म्हणालो, "घ्या की, एकच तर राहिलाय."

त्याने फोन बंद केला. मग सातही ठिपके पुसले, सातही बोल्ट सैल केले आणि "एक"पासून पुन्हा सुरुवात केली.

मी वैतागलो. "अहो, ठिपके दिसत होते ना!"

तो आठपर्यंत मोजतच राहिला. मग हात पुसले.

"माझ्या भावाच्या गाडीला पण मीच बेअरिंग टाकले होते. मधी फोन घेतला. घाटात इंजिन जाम झालं, मागून ट्रक आला, भाऊ जागीच गेला. नंतर मी इंजिन खोललं. एक बोल्ट नुसता हातानं फिरवलेला होता." तो हातांकडे बघत राहिला. "ठिपके आठच्या आठ होते."