तात्यांनी भिजवलेलं खाद्य

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर तात्यांचा दुसरा संसार होता: चारशे पिंजरे आणि हजारभर उंदीर. बावीस वर्षं पिंजरे धुऊन, भुसा बदलून त्यांच्या अंगाला तो वास असा चिकटला होता, की घरी बायको दारातच म्हणायची, "आधी अंघोळ, मग गप्पा."

त्यातल्या साठ पिंजऱ्यांवर त्यांचा फार जीव. तिथल्या उंदरांमधलं एक जनुक संशोधक मॅडमनी काढून टाकलं होतं. ते नसलं की आईच्या पोटात पिल्लाचा मेंदू आणि चेहरा, दोन्ही नीट घडत नाहीत, असा त्यांचा कयास. पिल्लं जन्मली तीही आखूड नाकाची, वेड्यावाकड्या दातांची. वाट शोधायच्या चाचणीत ती कोपऱ्यात बसून राहत. "मेंदूच अधू," मॅडम वहीत लिहीत.

तात्या मात्र त्यांची तोंडं बघत. खाद्याची टणक कांडी पंजांत धरून ती नुसती फिरवत राहायची. तात्यांच्या बायकोचे दात नुकतेच काढले होते. दुधात बुडवल्याशिवाय तिला पाव गिळता येत नव्हता. तात्यांना राहवेना. खालच्या रांगेतल्या सहा पिंजऱ्यांत ते गुपचूप भिजवलेल्या कांड्या ठेवू लागले.

महिन्याभरात ते उंदीर चाचणीत पळायला लागले. मॅडम चक्रावल्या.

"तात्या, या रांगेत काही वेगळं केलंत?"

"चुकलं, मॅडम. चावता येत नव्हतं हो बिचाऱ्यांना. मऊ करून दिलं."

"अहो, महिन्याच्या कामाचं वाटोळं केलंत!" मॅडम तरातरा निघून गेल्या. नोकरी गेली असं धरूनच तात्यांनी उरलेले पिंजरे धुतले.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "मी नुसतं मेंदू मेंदू करत बसले. ती उपाशी होती, तात्या. पण पुढच्या वेळी आधी मला सांगायचं."

मग सगळ्यांनाच मऊ खाद्य सुरू झालं, तुलनेसाठी ठेवलेल्या धडधाकट उंदरांनासुद्धा. आखूड नाकाची पिल्लं अंगानं भरली, पळाली. पण कालची वाट आज विसरत. मेंदूत उणीव होतीच, फक्त वाटली होती तेवढी मोठी नव्हती.

तात्यांचं काम मात्र दुप्पट झालं. "एवढी सेवा सासऱ्यांची केली असती, तर नाव निघालं असतं," असं पुटपुटत ते वाटीमागून वाटी भरत, आणि सगळ्यात आखूड नाकाच्या पिल्लाची वाटी आधी ठेवत.